आधुनिक अमेरिकन कादंबऱ्यांच्या स्वाक्षरी असलेल्या पहिल्या आवृत्त्या जमवायला सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीनिमित्त अमेरिकेत आल्यावर इथल्या विसाव्या शतकातील कादंबऱ्यांच्या स्वाक्षरी असलेल्या पहिल्या आवृत्त्या जमवाव्यात असे वाटू लागले आहे, पण सुरुवात कोठून करावी, स्वाक्षरी खरी आहे हे कसे ओळखावे, यात गुंतवणूक म्हणून पैसे घालावेत का आणि पुढेमागे ही पुस्तके पुण्याला नेली तर टिकतील का, हे कळत नाही. बोस्टनजवळ राहून मी हा छंद बरीच वर्षे जोपासला आहे, त्या आधारावर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो: स्वाक्षरीकडे सर्वांत शेवटी पाहावे. हातातली प्रत नेमकी कोणती आहे ते आधी पक्के करावे, मग तिचे वेष्टण, म्हणजे पुठ्ठ्यावरचे सुटे कागदी आवरण, तपासावे आणि या दोन्ही बाबतींत समाधान झाले तरच लेखकाने नाव कोठे लिहिले आहे ते पाहावे. नवखे संग्राहक नेमका उलटा क्रम धरतात आणि काही विक्रेत्यांचा धंदा त्यावरच चालतो.

या व्यवहारात पहिली आवृत्ती म्हणजे पहिल्या आवृत्तीचे पहिले मुद्रण. ते ओळखण्याची एकच एक रीत नाही, कारण प्रत्येक प्रकाशकाने आपापली पद्धत चालवली. अलीकडच्या पुस्तकांत कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची ओळ असते आणि तिच्यातील सर्वांत लहान आकड्यावरून मुद्रण कितवे ते समजते. परंतु हा नियम रँडम हाउसला लावायला गेलात तर फसाल. त्यांच्याकडे अनेक वर्षे पहिल्या मुद्रणावर ‘फर्स्ट एडिशन’ हे शब्द आणि सोबत २ पासून सुरू होणारी ओळ छापत असत. दुसऱ्या मुद्रणाच्या वेळी आकडे तसेच ठेवून फक्त ते शब्द काढून टाकत. कॉर्मॅक मॅकार्थी यांची १९८५ सालची ‘ब्लड मेरिडियन’ याच पद्धतीने छापलेली असल्यामुळे, ओळीत १ दिसत नाही म्हणून खरी पहिली प्रत कोणी परत ठेवून दिली तर नवल नाही. स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेने १९३० पासून पहिल्या मुद्रणाच्या कॉपीराइट पानावर ‘ए’ हे अक्षर छापायला सुरुवात केली. हेमिंग्वे यांच्या १९४० च्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’मध्ये आणि १९५२ च्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मध्ये ते अक्षर नसेल, तर विक्रेता काहीही म्हणो, ती प्रत पहिल्या मुद्रणाची नव्हे.

त्याआधीच्या पुस्तकांत मात्र छपाईच्या चुकाच साक्षीला घ्याव्या लागतात. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अर्थातच एप्रिल १९२५ मध्ये निघालेल्या फिट्झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’चे आहे. पहिल्या मुद्रणाच्या २०,८७० प्रती निघाल्या आणि दुसऱ्या मुद्रणाच्या वेळी मजकुरात थोडे फेरफार झाले. म्हणून प्रत हातात आली की जाणकार थेट पान ६० उघडतो: तिथे ‘चॅटर’ असेल तर पहिले मुद्रण, ‘एकोलेलिया’ असेल तर नंतरचे. मग पान ११९ वर ‘नॉर्दर्न’ आहे की ‘सदर्न’, आणि पान २०५ वर ‘सिक इन टायर्ड’ असे तीन सुटे शब्द आहेत का, हे पाहतो. वेष्टणाची कथा तर याहून मजेदार आहे. मागच्या बाजूच्या मजकुरात नायकाच्या नावातला ‘जे’ चुकून लहान लिपीत छापला गेला होता आणि तो शाईने मोठा करण्यात आला. त्यामुळे ज्या वेष्टणावर ही दुरुस्ती दिसते ते सुरुवातीचे मानतात. एरवी दोष ठरावा अशी खाडाखोड इथे दहा वेळा भिंगाखाली न्याहाळली जाते. हेमिंग्वे यांच्या १९२६ च्या ‘द सन ऑल्सो रायझेस’मध्येही पान १८१ वर ‘स्टॉप्ड’ या शब्दात तीन ‘पी’ पडले आहेत आणि संग्राहक त्या जादा अक्षराचे पैसे मोजतात.

हे सर्व पाठ करण्याची गरज नाही. गरज आहे ती एका लेखकापुरते किंवा एका दशकापुरते क्षेत्र आखून घेण्याची आणि त्या लेखकाची वर्णनात्मक ग्रंथसूची (प्रत्येक पुस्तकाच्या मुद्रणांच्या खुणा नोंदवणारी यादी) मिळवून ती नीट वाचण्याची. मोठ्या लेखकांच्या बाबतीत असे काम विद्वानांनी करून ठेवले आहे आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ते बसून पाहता येते. ‘आधुनिक अमेरिकन साहित्य’ एवढे मोठे क्षेत्र घेतले, तर दर महिन्याला काहीतरी मिळेल, कपाट भरेल आणि त्या कपाटाला संग्रह म्हणता येणार नाही.

आता बुक क्लबच्या प्रती, म्हणजे क्लबने आपल्या सभासदांना पाठवण्यासाठी वेगळ्या काढलेल्या. बुक ऑफ द मंथ क्लब १९२६ पासून सुरू आहे आणि त्याने वाचकांवर उपकार केले असले तरी संग्राहकांच्या डोक्याला ताप दिला आहे, कारण या प्रती लांबून हुबेहूब पहिल्या आवृत्तीसारख्या दिसतात. वेष्टणाच्या आतल्या घडीवर किंमत नसणे ही पहिली खूण. दुसरी खूण बोटांना कळते. वेष्टण हलकेच बाजूला करून मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यावर, कण्याच्या बाजूला, अंगठा फिरवावा. तिथे बारीकसा खोलगट ठिपका किंवा चौकोन लागला तर पुस्तक बहुधा क्लबचे आहे. सॅलिंजर यांची ‘द कॅचर इन द राय’ जुलै १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हापासूनच क्लबच्या प्रतीही बाजारात होत्या, त्यामुळे जुन्या घरांतल्या सामानाच्या विक्रीत मिळणारी ‘१९५१ ची प्रत’ बहुतेक वेळा क्लबची निघते. वेष्टणाचा किमतीचा कोपरा कात्रीने कापलेला असेल तर दोन शक्यता राहतात: कोणी भेट देताना किंमत लपवली असेल, किंवा मुळात तिथे किंमतच नव्हती हे लपवले असेल.

वेष्टणाला एवढे महत्त्व का, असे आपल्याकडच्या माणसाला वाटणे साहजिक आहे. त्या काळी बहुतेक वाचक ते कागदी वेष्टण काढून टाकत, ग्रंथालये तर हमखास काढत. म्हणून टिकलेली वेष्टणे दुर्मीळ. ‘गॅट्सबी’ची वेष्टण नसलेली प्रत काही हजार डॉलरला मिळू शकते, तर चांगल्या वेष्टणासह तीच प्रत लिलावात एक लाख डॉलरच्या पुढे गेलेली आहे. एवढी तफावत असल्यावर नकली वेष्टणे निघणारच. प्रामाणिक विक्रेते प्रतिकृती असल्याचे त्यावर छापतात, पण छापलेला शब्द कापता येतो. खऱ्या जुन्या वेष्टणाच्या घड्यांवर कागद झिजून पांढरा पडलेला असतो, कण्याचा भाग उन्हाने थोडा फिका झालेला असतो आणि झीज पुस्तकाच्या झिजेशी जुळते. पुस्तकाचे कोपरे दबलेले आणि वेष्टण मात्र कोरे करकरीत, असे दिसले की प्रश्न विचारायला सुरुवात करावी.

एवढे झाल्यावर स्वाक्षरी. स्वाक्षरीचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि त्यांची किंमतही वेगवेगळी. लेखकाने पुस्तकाच्या मूळ पानावर केलेली सही एक. प्रकाशकाने सुटे कागद लेखकाकडे पाठवून, सह्या करून घेऊन, ते बांधणीत चिकटवले ती दुसरी. आणि वरून चिकटवलेल्या चिठ्ठीवरची तिसरी, जी मी तरी विकत घेत नाही. दुसरा प्रकार ओळखायला पान थोडे उघडून कण्याशी पाहावे, म्हणजे गोंदाची बारीक रेघ दिसते. शिवाय खास मर्यादित आवृत्त्या असतात: हेमिंग्वे यांच्या ‘अ फेअरवेल टु आर्म्स’ची १९२९ ची ५१० प्रतींची स्वाक्षरीयुक्त आवृत्ती, किंवा फॉकनर यांच्या ‘अॅब्सलम, अॅब्सलम!’ची १९३६ ची ३०० प्रतींची. अशा प्रतींत सहीबद्दल शंका कमी आणि किंमत जास्त. याउलट, ओळखीच्या माणसाला उद्देशून लिहिलेल्या दोन ओळी आणि खाली सही असेल, तर पुष्कळ नवखे ‘दुसऱ्याचे नाव आहे’ म्हणून नाक मुरडतात. मला तीच प्रत अधिक आवडते. नुसत्या दोन शब्दांपेक्षा दोन ओळींचे अक्षर खोटे करणे कठीण असते, आणि ज्याला दिली तो लेखकाचा मित्र किंवा संपादक निघाला तर प्रतीचे मोल कित्येक पटींनी वाढते.

सहीसोबत मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. ते घरच्या प्रिंटरवरही निघते. फार काय, खुद्द प्रकाशकाच्या शब्दावरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही, हे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिसले. बॉब डिलन यांच्या नव्या पुस्तकाच्या ‘हाताने सही केलेल्या’ ९०० प्रती प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या; ग्राहकांनी इंटरनेटवर आपापल्या प्रतींची छायाचित्रे एकमेकांशी ताडून पाहिली तेव्हा सह्या यंत्राने केलेल्या असल्याचे उघड झाले. प्रकाशकाने पैसे परत केले आणि डिलन यांनी माफी मागितली. तुम्हीही हीच युक्ती वापरा: त्याच लेखकाच्या, त्याच काळातल्या, निर्विवाद खऱ्या सह्या लिलावगृहांच्या सूचींतून गोळा करा आणि शेजारी ठेवून पाहा. अक्षराच्या आकारापेक्षा त्याच्या वेगाकडे लक्ष द्यावे. खरी सही सपाट्यात झालेली असते. बनावट सहीत हात जागोजागी थबकलेला असतो आणि तिथे शाई साचते. मोठी खरेदी मात्र अमेरिकेतील जुन्या व दुर्मीळ ग्रंथांच्या विक्रेत्यांच्या एबीएए या १९४९ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या सदस्याकडूनच करावी, कारण आपण केलेल्या वर्णनाची आणि अस्सलपणाची हमी देणे त्यांच्यावर बंधनकारक असते. न्यूयॉर्क आणि बोस्टन इथल्या त्यांच्या मेळ्यांत काही न घेता नुसते हिंडले तरी चालते. महागडे पुस्तक हातात घेऊन बघू का, असे विचारले तर विक्रेते बहुधा आनंदाने दाखवतात.

कोणाची पुस्तके घ्यावीत, याबद्दल मी हात आखडता घेतो, कारण ती आवडीची गोष्ट आहे. तरी एक-दोन वाटा सुचवतो. टोनी मॉरिसन यांची पहिली कादंबरी ‘द ब्लूएस्ट आय’ १९७० मध्ये फार थोड्या प्रतींत निघाली, ती आता आवाक्याबाहेर गेली आहे; पण त्यांच्या नंतरच्या पुस्तकांच्या सही केलेल्या प्रती अजून सामान्य पगारदाराला परवडतात. झुम्पा लाहिरी यांचे ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ अमेरिकेत १९९९ मध्ये थेट कागदी बांधणीत आले आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. इथे पहिली अमेरिकन आवृत्ती म्हणजे तेच मऊ पुठ्ठ्याचे पुस्तक, ज्याच्या कडा चटकन दुमडतात. उलट सिल्व्हिया प्लाथ यांची ‘द बेल जार’ १९६३ मध्ये लंडनला टोपणनावाने निघाली आणि अमेरिकेत यायला १९७१ उजाडले, तेव्हा अमेरिकन लेखकाची पहिली आवृत्ती अमेरिकनच असेल असेही धरून चालू नये. बोस्टनला आलात तर ब्रॅटल बुक शॉप या जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या शेजारच्या मोकळ्या जागेतली मांडणी पाहायला विसरू नका. तिथे काही डॉलरमध्ये डोळा तयार होतो.

गुंतवणुकीबद्दल मी स्पष्टच नाही म्हणेन. नवीन पुस्तकाला पारितोषिक मिळाले की सही केलेल्या प्रतीचा भाव चढतो आणि काही वर्षांत ओसरतो. १९९७ साली चार्ल्स फ्रेझियर यांच्या ‘कोल्ड माउंटन’ला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले तेव्हा संग्राहकांची झुंबड उडाली होती, आज ती प्रत सहज आणि स्वस्तात मिळते. शिवाय आजचे लेखक पुस्तकाच्या दौऱ्यांत हजारोंनी सह्या करतात. अपवाद मॅकार्थी यांच्यासारख्यांचा: ‘द रोड’च्या फक्त २५० प्रतींवर आपण सह्या केल्या आणि त्या सगळ्या मुलाच्या मालकीच्या आहेत, असे त्यांनी २००९ मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते. आणि विकताना दुकानदार सहसा आपल्या विक्रीच्या भावाच्या निम्माही देत नाही, हे हिशेबात धरा.

पुण्याला नेण्याबद्दल: पुस्तकाला ऊन, दमट हवा आणि कसर या तिघांपासून जपावे लागते. वेष्टणावर पारदर्शक पॉलिस्टरचे आवरण घालावे, पण ते कोठेही चिकटवू नये. सेलोटेपचा तर विचारही करू नये. पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवण्याची आपल्याकडची सवय इथे घातक ठरते, कारण पावसाळ्यातली ओल आतच कोंडते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे आणि जून ते सप्टेंबर त्या खोलीत आर्द्रता कमी करणारे यंत्र चालवावे. डांबराच्या गोळ्यांचा वास कागदात बसला की निघत नाही. विमानाने नेताना महत्त्वाच्या प्रती हातातल्या सामानात ठेवाव्यात आणि प्रत्येकीची पावती सोबत असावी. ती कस्टम्सला दाखवायला लागते आणि पुढे कधी विकायची वेळ आली तर प्रत कोठून आली याचा पुरावा म्हणून तीच कामाला येते.