दोनच्या सहा मधपेट्या झाल्या. नोकरी सांभाळून आणखी वाढवू का?

निदान हा पावसाळा जाईपर्यंत वाढवू नका. फुलोऱ्यात सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या पाळीव देशी मधमाश्यांची वसाहत पटकन फुटते (एकीच्या दोन होतात), पेट्या भराभर वाढतात. खरी कसोटी पावसात. सह्याद्रीच्या पट्ट्यात तेव्हा फुलं कमी, आणि उपाशी सातेरी पेटी सोडून सरळ निघून जाते. सहाही पेट्यांना संध्याकाळी साखरेचा पाक द्यायला, तळाचा कचरा झाडून मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी अळी) रोखायला वेळ मिळेल का, ते आधी बघा.

फुलोऱ्यात दर 7 दिवसांनी पेटी उघडा. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखे लोंबणारे राणीकोष (नवी राणी वाढते ती घरं) दिसले, की घर फुटायची तयारी सुरू झाली समजा. अंडं घातल्यापासून साधारण आठव्या दिवशी कोष बंद होतो, म्हणून आठवडा चुकवायचा नाही.

दुबळ्या वसाहती मात्र एकत्र करा. एक राणी काढायची, मग दोन्ही वसाहतींच्या कोठ्या (पेटीचे कप्पे) एकावर एक ठेवून मधे बारीक भोकं पाडलेलं वर्तमानपत्र ठेवायचं. माश्या ते कुरतडेपर्यंत दोन्हींचा वास मिसळतो, सहसा मारामारी होत नाही. मला तरी आठ अर्धवट पेट्यांपेक्षा चार भरगच्च पेट्या केव्हाही आवडतात.

आणि झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख लिहीत जा, राणी दिसली की नाही तेही.