तो पडला, त्याने पाडलं: ‘लाय’ आणि ‘ले’चा घोळ

प्रश्न एका परिचारिकेचा आहे. रात्रपाळीच्या नोंदवहीत त्यांनी लिहिलं, ‘पेशंट वॉज लेईंग ऑन द फ्लोअर’. सकाळी वरिष्ठांनी ‘लेईंग’ खोडून ‘लाईंग’ केलं. ‘लाईंग म्हणजे खोटं बोलणं ना? मग ते इथे कसं चालेल?’ असं त्या विचारतात.

दुरुस्ती बरोबर आहे. रुग्ण स्वतः पडून होता, म्हणून ‘लाय’. खोटं बोलण्याचं ‘लाय’ हे निराळं क्रियापद आहे, फक्त वर्तमानकाळात दोघांचं रूप सारखं दिसतं. खोटं बोलण्याच्या ‘लाय’चा भूतकाळ सरळ ‘लाइड’ होतो. ‘ले’ला मात्र कर्म लागतं. कुणीतरी काहीतरी ठेवतं, घालतं, आडवं करतं. तुम्ही त्या रुग्णाला उचलून खाटेवर निजवलंत, तर ते ‘लेड द पेशंट ऑन द बेड’. कोंबडी अंडं घालते, तिथेही ‘ले’च.

खरी मेख भूतकाळात आहे. ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’ होतो, म्हणजे दुसऱ्या क्रियापदाचं मूळ रूपच. ‘काल दुपारी तो जरा आडवा झाला’ हे इंग्रजीत ‘ही ले डाउन’ होईल, ‘लेड डाउन’ नाही. तिसरं रूप ‘लेन’. ठेवण्याच्या ‘ले’ची रूपं ‘लेड, लेड’. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे त्यांच्यातही हा घोळ चौदाव्या शतकापासून चालत आलाय आणि बोलण्यात तो सर्रास कानावर पडतो. तरी रुग्णाच्या नोंदीत फरक पाळावाच असं माझं मत आहे. ‘वॉज लेईंग’ वाचणारा डॉक्टर क्षणभर तरी ‘काय ठेवत होता?’ म्हणून थबकतो.

नुसता रूपांचा तक्ता घोकून हे डोक्यात राहत नाही. मराठी माणसाकडे याची कसोटी आयती आहे. वाक्य भूतकाळात मराठीत म्हणा आणि कर्त्याला ‘ने’ लागतो का ते पाहा. तो निजला, त्याने बाळाला निजवलं. तो उठला, त्याने मित्राला उठवलं. ‘ने’ नसेल तर लाय, सिट, राइझ. ‘ने’ आला तर ले, सेट, रेझ. कर्ता ‘तो’ किंवा ‘ती’च घ्या, कारण ‘मी’ आणि ‘तू’ला ‘ने’ लागत नाही आणि कसोटी फसते. भाव वाढले: ‘प्राइसेस रोझ’. दुकानदाराने भाव वाढवले: ‘रेझ्ड’. अर्जांत आणि ई-मेलमध्ये ‘प्राइसेस हॅव रेझ्ड’ नेहमी दिसतं, ते ‘हॅव रिझन’ हवं. कर्मणी वाक्यात कर्ता दिसत नसला तरी तो पडद्याआड असतोच. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी १९१३ मध्ये झाली, ती कुणीतरी केली, म्हणून ‘वॉज लेड’. लोकसभेच्या कामकाजात कागदपत्रं पटलावर ठेवतात, तिथेही ‘लेड ऑन द टेबल’.

ही कसोटी लागू पडते त्यामागे कारण आहे, आणि मला या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत मोलाचं वाटतं. या इंग्रजी जोड्या म्हणजे आपली साधी आणि प्रयोजक (क्रिया दुसऱ्याकडून घडवणारी) क्रियापदंच आहेत. संस्कृतात पतति म्हणजे पडतो, पातयति म्हणजे पाडतो. मधला ‘अय’ प्राकृतात झिजला, पण जाताना आधीचा स्वर दीर्घ ठेवून गेला. त्यातून आपलं पडणे-पाडणे आलं. मरणे-मारणे, तरणे-तारणे त्याच साच्यातली. इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही असाच एक प्रत्यय होता. तोही झिजला आणि स्वर बदलून गेला, म्हणून सिट-सेट, लाय-ले, फॉल-फेल (पडणे-पाडणे). हा प्रत्यय आणि संस्कृतचा ‘अय’ एकाच मुळाचे आहेत, हे भाषाशास्त्रात सर्वमान्य आहे. सिट-सेट ही जोडी तर धातूसकट संस्कृतच्या सीदति-सादयतिची (बसतो-बसवतो) सख्खी बहीण. रेझ मात्र स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आलं, साचा तोच.

फॉल-फेलपाशी जरा जपून. झाड पडलं, ‘द ट्री फेल’. त्याने झाड पाडलं, ‘ही फेल्ड द ट्री’. इथेही एकाचा भूतकाळ म्हणजे दुसऱ्याचं मूळ रूप, लाय-लेसारखाच सापळा. आणि अपवादही आहेत. सूर्य मावळतो तेव्हा त्याला कुणी मावळवत नाही, तरी ‘द सन सेट्स’. दही लागतं, सिमेंट धरतं, तेही ‘सेट’च. हे वापर वेगळे लक्षात ठेवावे लागतात.

बॉरो आणि लेंड यांनाही पुष्कळजण याच पंगतीत बसवतात, पण त्यांचं दुखणं वेगळं आहे. मराठीत ‘उसने’ शब्द एकच, घेणं की देणं हे पुढचं क्रियापद सांगतं. त्यामुळे ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन?’ असं तोंडून निघतं. इथे ‘ने’ची कसोटी निरुपयोगी, कारण उसने घेणाऱ्यालाही ‘ने’ आणि देणाऱ्यालाही ‘ने’. वस्तू कुठून कुठे जाते तेवढं पाहायचं: कर्त्याकडे आली तर बॉरो, कर्त्याकडून गेली तर लेंड.