हीलिंग वर्ड का टाकला नाहीस?

ताई, नेरुळला एका मित्राच्या घरी दर दुसऱ्या रविवारी आमचं डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ) असतं. डीएम (खेळ चालवणारा) धरून पाच जण. माझा क्लेरिक (मंत्राने जखमा भरणारा पुजारी) आणि एका मैत्रिणीची रेंजर (रानात टेहळणी करणारी) या पात्रांचं आठ महिने जमलं होतं. दोन महिन्यांपूर्वी रेंजरने गेममध्येच ते तोडलं. तेव्हापासून प्रत्येक सेशनला मी तेच उकरून काढतो आणि बाकीचे मोबाइल बघत बसतात. विझार्ड (जादूगार) खेळणारा म्हणतो, चार्म पर्सन हा भुलवणारा मंत्र टाकून जुळवून देतो. गेल्या रविवारी लढाईत रेंजर शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे मरणाच्या दारात, पडली आणि मी तिला हील केलं नाही. ‘माझं कॅरेक्टर असंच वागेल,’ म्हणालो. दोन डेथ सेव्ह (जीव वाचतो का ते ठरवणारे फासे) फेल झाले, शेवटी फायटरने पोशन पाजलं. ठाण्यापर्यंत गाडीत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी खरंच तिच्या प्रेमात आहे का? ग्रुप सोडू का?
— क्लेरिक, पाचपाखाडी

प्रिय क्लेरिक,

ग्रुप सोडू नकोस. पण आधी त्या लढाईचं बोलू. हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र ६० फुटांवरून टाकता येतो, बोनस ॲक्शनमध्ये. पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट (मंत्र टाकायची एक संधी) गेला असता आणि गदा चालवायची ॲक्शन तुझ्या हातात राहिली असती. तिसरा सेव्ह हुकला असता तर रेंजर मेली असती. सोबती डोळ्यांदेखत मरतोय आणि क्लेरिक गप्प उभा आहे, याला पात्राचा राग म्हणायला माझं मन घेत नाही. तो राग तुझा होता. तुझं कॅरेक्टर काय करणार हे दर वेळी तूच ठरवतोस, आणि मन मोडलेला क्लेरिक करू शकेल अशा शंभर गोष्टी आहेत. त्यातली टेबलावरच्या माणसाला दुखावणारी तू निवडलीस.

हे होतं, आणि त्यात तू वेडा वगैरे नाहीस. पात्राची भावना खेळणाऱ्यात झिरपते, खेळणाऱ्याची पात्रात. रोलप्लेवाले याला ब्लीड म्हणतात. आठ महिने ‘मी’ म्हणून कुणाशी प्रेमाने बोलत राहिलं की मनाला ते सगळं खोटं वाटत नाही. रडू आलं असेल तर येऊ दे.

प्रेमाचं म्हणशील तर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी स्वतःला विचार: मला आठवतंय काय? शेकोटीजवळचे सीन, रेंजरचं ते तुटक बोलणं? की ऐरोली-रबाळेच्या दरम्यान ऑफिसची गाऱ्हाणी सांगणारी ती मुलगी? सीन आठवत असतील तर हे ब्लीड आहे, नीट जागा मिळाली की ओसरेल. ती मुलगीच आठवत असेल तर ते तिला गेमच्या बाहेर, एकदाच आणि सरळ सांग; पण माफीच्या दिवशी नाही. नाही म्हणाली तर विषय संपला, क्लेरिकच्या तोंडून पुन्हा काढायचा नाही. आणि रेंजरने तोडलं म्हणजे तिने तुला नाकारलं, असा अर्थ काढू नकोस. गोष्ट एकाच जागी फिरायला लागली म्हणूनही खेळाडू नाती तोडतात.

माफी मात्र याच आठवड्यात माग. ग्रुपवर मेसेज टाकून नको, आणि सेशननंतरच्या गाडीत तर नकोच, तेव्हा दोघंही अर्धे गेममध्येच असता. तिला फोन करून विचार, ती तयार असेल तर तलावपाळीला पंधरा मिनिटं भेटा. एवढंच म्हण: ‘रविवारी हील केलं नाही, तो राग क्लेरिकचा नव्हता, माझा होता. चुकलं. पुन्हा होणार नाही.’ इथे थांब. पुढे ‘पण’ आला की माफी वाया गेली. मग एकच प्रश्न: ‘या दोघांमध्ये यापुढे काय खेळलेलं तुला चालेल?’ लाइन्स आणि व्हेल्स तुमच्या सेशन झिरोमध्ये, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीत, ठरल्या नसाव्यात, त्या आता ठरवा. लाइन म्हणजे जे टेबलावर येणारच नाही. व्हेल म्हणजे जे घडतं, पण पडद्याआड. ती म्हणाली की जुन्या नात्याचा विषयच नको, तर ती लाइन. कारण विचारायचं नाही, आणि खाली लिहिलंय तेही तिला चालत असेल तरच.

विझार्डला नाही सांग. चार्म पर्सन तासभर टिकतो, त्यात समोरचा तुम्हाला फार तर ओळखीचा भला माणूस समजतो, आणि उतरल्यावर आपल्यावर मंत्र टाकला होता हे त्याला कळतं. शिवाय दुसऱ्या खेळाडूच्या पात्राचं मन डाइसने फिरवायचं नसतं.

आता क्लेरिकचं दुःख. ते खेळ, जरूर खेळ. तुझं फसतंय कुठे, तर तू दुःख बोलून दाखवतोस, आणि त्यात बाकी तिघांना करण्यासारखं काही नसतं. सेशनला एकच सीन, पाच मिनिटांचा, असे तीन सेशन. सीनसाठी सर्वांत चांगली जागा रात्रीच्या पहाऱ्याची. लाँग रेस्ट, म्हणजे पात्रांची रात्रीची विश्रांती, आठ तासांची, त्यात दोन तासांपर्यंत पहारा बसतो. डीएमला आधी सांगून फायटरबरोबर पहारा घे आणि तू त्याला विचार, ‘तुला कोणी सोडून गेलंय का?’ सीन त्याचा होऊ दे. तू शेकोटीत लाकूड सरकव.

दुसरी गोष्ट, सेंडिंग. तुझा क्लेरिक पाचव्या लेव्हलला पोचला असेल तर हा मंत्र त्याला मिळतो. लागते तांब्याची बारीक तार, संदेश जास्तीत जास्त २५ शब्दांचा, आणि समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर देता येतं. रेंजर टेहळणीला पुढे गेली की रात्री संदेश पाठव, फक्त कामाचा:

‘पूल मोडलाय. उत्तरेकडून ये. पहाऱ्यावर सहा जण, दोन कुत्री. फायटरची जखम बरी आहे. पाऊस येतोय. तुझं घोंगडं इथे राहिलंय, कोरडं ठेवलंय.’

हे २१ शब्द झाले. उरलेले चार वापरू नकोस. तार बोटाला गुंडाळ, सोडव, पिशवीत ठेव, आणि ‘माझं झालं’ म्हणून डीएमकडे बघ. उत्तरात ती फक्त ‘ठीक’ म्हणाली तरी तेवढंच पुरे. पाचव्या लेव्हलला तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच असतात, तेव्हा संदेश झोपण्याआधी, उरलेल्या स्लॉटमधून पाठव. लाँग रेस्टनंतर तो परत येतो आणि लढाईत पार्टीचं काही अडत नाही.

सेशन संपल्यावर लगेच स्टेशन गाठू नका. दहा मिनिटं डाइस आवरता आवरता एकमेकांना खऱ्या नावाने हाक मारून बोला, आज काय आवडलं, काय टोचलं. डीएमलाही हे वाचून दाखव.

आणि पुढच्या सेशनला पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट हीलिंग वर्डसाठी राखून ठेव, रेंजर धडधाकट उभी असली तरी.

— ताई