उजव्या हाताचा कीबोर्ड बोलत का नाही?

प्रश्न: दोन भागांचा मेकॅनिकल कीबोर्ड घरीच सोल्डर केला. डावा भाग मस्त चालतो, पण उजव्या भागातली एक अख्खी उभी रांग मेलीये आणि त्याच भागात दुसऱ्या एका जागी एकच की चालत नाही. सगळं उकलून परत करावं लागेल का?

उत्तर: अजिबात नाही, काहीही उकलू नका! अख्खी रांग जाते तेव्हा दोष बहुतेक वेळा कंट्रोलरच्या (कीबोर्ड चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) एकाच पिनच्या सोल्डरच्या टाक्यात असतो, त्या पिनला थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावा आणि सोल्डरिंग आयर्नचं साधारण ३५० डिग्री सेल्सिअसला तापलेलं टोक दोन-तीन सेकंद पिन आणि पॅड (पिनभोवतीचा बोर्डावरचा धातूचा ठिपका) दोघांनाही टेकवा, टाका चकचकीत होऊन पिनभोवती उतरता पसरला की झालं, नुसता गोळा होऊन वर बसला असेल तर तो आतून धरलेलाच नाही.

एकट्या कीसाठी आधी तिचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) बघा. त्याच्या एका टोकाला काळी पट्टी असते, ती बोर्डावर छापलेल्या रेघेकडेच हवी, उलटा बसला तर ती की गप्पच राहते. डायोड बरोबर असेल तर स्विचच्या दोन्ही पिना चिमट्याने जोडून बघा, अक्षर उमटलं तर स्विचच बदला.

आणि एक कळकळीने सांगते, दोन भागांना जोडणारी ऑडिओसारखी गोल पिनेची वायर असेल तर यूएसबी चालू असताना ती कधीच काढू-घालू नका, प्लग आत सरकताना पॉवर आणि ग्राउंड क्षणभर एकमेकांना भिडतात आणि कंट्रोलर जळू शकतो.