आई आली की बाळ का रडतं?

‘दिवसभर आजीकडे शहाण्यासारखा असतो, मी घरात पाऊल टाकलं की भोकाड पसरतो. मी नकोशी झालेय का त्याला?’ बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर रुजू झालेल्या, माझ्याकडे येणाऱ्या आया हे थोड्याफार फरकाने विचारतातच. कुणी नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यातली असते, कुणी कॉलेज रोडवरच्या बँकेतली, कुणी शिक्षिका. त्यापुढचा प्रश्नही ठरलेला: ‘नोकरी सोडू का?’ म्हणून ही एक हकीकत. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत आणि बऱ्याच भेटींतलं मोजकंच बोलणं ठेवलंय.

ती पाथर्डी फाट्याला राहणारी, सातपूरला क्वालिटी विभागात. 26 आठवड्यांची पगारी रजा संपवून, वर साठवलेली रजा जोडून कामावर गेली. मुलगा 9 महिन्यांचा, सांभाळायला सासूबाई. त्या मायेने करायच्या, पण रोज संध्याकाळी त्यांच्या तोंडून एक वाक्य निघायचं, ‘तू आलीस की याचं सुरू होतं बघ.’ हे तिला आत कुठेतरी लागलेलं होतं.

सकाळचं वेळापत्रक सगळ्याच जणी पाठ म्हणून दाखवतात: पाचला उठणं, डबे, बाळाचं दूध, साडेआठची शिफ्ट. ते मी ऐकून घेते, पण कान संध्याकाळकडे असतात. बाळ आईशी कसं जोडलेलं आहे हे ती निघताना ते किती रडतं यावरून फारसं कळत नाही. ती परत आल्यावर काय होतं, त्यावरून कळतं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आई-बाळांचं जे निरीक्षण केलं, त्याचा गाभाच हा होता, आणि माझं सगळं काम त्याच वाटेने चालतं.

‘गाडी लावली. पुढे?’ मी विचारलं.

‘पुढे काय ताई, घरात जाते.’

‘दारात कोण असतं?’

‘तोच. आईंच्या कडेवर. मला बघून दोन्ही हात पुढे करतो.’

‘मग घेता?’

‘लगेच कशी घेणार? अंगाला कंपनीचा, कूलंटचा वास. आंघोळ करते. मग चहा टाकते, आईंनी दिवसभर केलेलं असतं ना. तेवढ्यात कुकर लावून घेते, कणीक मळते...’

‘आणि तो?’

‘रडत असतो.’

‘तुम्ही त्याला दिसता कितीला आणि मिळता कितीला?’

तिने मनाशी हिशेब केला. सहाला दिसते. मिळते सव्वासातला. मग बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे मी आले म्हणून नाही रडत तो. आले तरी येत नाही म्हणून रडतो.’

हेच मी सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा कुकरच लावला असता. दिसता कितीला, मिळता कितीला, या एका प्रश्नाने माझ्याकडे जेवढ्या गाठी सुटल्यात तेवढ्या लांबलचक उपदेशाने सुटलेल्या नाहीत. त्यात आणखी एक भर असते. बाळ दिवसभर आजीजवळ आवरून धरतं आणि आपलं माणूस दिसलं की मोकळं होतं. ते रडणं तक्रारीचं असतं, आणि तक्रार हक्काच्या माणसाकडेच केली जाते.

मग आम्ही तो सव्वा तास मोडून पुन्हा मांडला. आत येताना बाळ दारात नको, आजीने त्याला आतल्या खोलीत ठेवायचं. धुतलेला गाऊन बाथरूमच्या खुंटीवर सकाळीच टांगलेला. कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे, तोंड धुवायचं, कपडे बदलायचे: पाच मिनिटं. आंघोळ नंतर. त्यानंतरच बाळासमोर जायचं आणि गेलं की थेट जमिनीवर बसायचं. अर्धा तास. फोन पर्समध्येच. पहिली दहा मिनिटं खेळणं पुढे करायचं नाही, पाजायचं किंवा नुसतं मांडीवर घ्यायचं. यासाठी आजीने चारला थोडंसंच नाचणीसत्त्व किंवा मऊ भात द्यायचा, साडेपाचला पोट भरवायचं नाही. पोट भरलेलं बाळ अंगावर पीत नाही, आणि आईला वाटतं, त्याने मला नाकारलं.

कुकरचं काय? नवरा पावणेसहालाच घरी असतो, हे बऱ्याच उशिरा कळलं. तोवर तो तिच्या सांगण्यात कुठे आलाच नव्हता! कुकर त्याच्याकडे गेला.

सकाळी आणखी एक गोष्ट बदलली. सासूबाई बाळाला गॅलरीत कावळे दाखवायच्या आणि ही मागच्या मागे सटकायची. रडारड टळते, पण बाळ मग दिवसभर धास्तावतं, आई बाथरूममध्ये गेली तरी चिकटतं. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला आई दिसली नाही तरी ती आहे हे कळतं, ती परत कधी येणार हे कळत नाही. त्यामुळे सांगून निघायचं. रोज तेच शब्द, एकदाच टाटा, एक मिनिटात बाहेर. दारातून पुन्हा मागे फिरायचं नाही.

रात्री तीन-चारदा उठतो म्हणून ‘दूध पुरत नाही’ असा शेरा तिला घरातूनच मिळाला होता. बरीच बाळं दिवसा वाटीचं दूध जेमतेम घेतात आणि कसर रात्री अंगावर भरून काढतात. वजन नीट वाढत असेल तर यात दूध कमी असल्याचा पुरावा नाही. काढलेलं दूध साधारण 25 अंशांना 4 तास आणि फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा 4 तासांवर विसंबू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. कंपनीतून आणताना बर्फाच्या पॅकची पिशवी हवी. गरम करायचं ते कोमट पाण्यात वाटी ठेवून, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर साय धरल्यासारखं दिसलं तर ते नासलेलं नसतं, हलकेच फिरवा. बाळाने तोंड लावून उरलेलं दूध 2 तासांत संपवा नाहीतर टाकून द्या.

कायद्याने बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत विश्रांतीच्या सुट्टीखेरीज दिवसात दोन वेळा पाजण्यासाठी सवलत मिळते. 2017पासून 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय लागते आणि आईला तिथे दिवसातून चारदा जाता येतं. हे एचआरकडे लेखी मागा. तोंडी मागितलेलं हवेत जातं.

वेळापत्रकाचा हा उपाय सगळ्यांनाच लागू पडेल असं नाही. बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर वेळापत्रक बदलून भागणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही आहे. स्वतःला किंवा बाळाला काही इजा करावीशी वाटत असेल, तर मात्र त्याच दिवशी जा, घरच्या कुणाला सोबत घेऊन.

तिच्याकडे पहिले काही दिवस रडणं वाढलंच. तसं होतं, बाळ नवी पद्धत खरी आहे का ते तपासून बघतं. साधारण दोन आठवड्यांत संध्याकाळ निवळली. सासूबाईंचं ते वाक्यही बंद झालं, कारण तो अर्धा तास त्यांना सुट्टी मिळाली आणि त्या खालच्या बाकावर मैत्रिणींत जाऊन बसायला लागल्या. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मात्र तो अजून रडतो. दोन दिवस आई हाताशी असते आणि मग एकदम दिवसभर नसते, त्यामुळे हे चालायचंच. त्या दिवशी तिने ओव्हरटाइम घेऊ नये, एवढंच मी सांगितलंय.