रक्तदान केलं आणि हिपॅटायटिस बी निघाला?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी ३४ वर्षांचा आहे, आत्ता पहिल्यांदाच रक्तदान केलं आणि रक्तपेढीतून फोन आला की हिपॅटायटिस बीची टेस्ट रिअॅक्टिव्ह आहे, येऊन भेटा. मला काडीचा त्रास नाही, कावीळही कधी झाली नाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही. रक्तदात्यांमध्ये हे किती जणांना निघतं? नेटवर कुठे २-३ टक्के लिहिलंय तर कुठे ०.०२ टक्के, काही कळेना.

उत्तर: सगळ्यात आधी, रिअॅक्टिव्ह म्हणजे आजार पक्का झाला असं नाही. पेढीची टेस्ट मुद्दामच कडक ठेवलेली असते, चांगली पिशवी वाया गेली तरी चालेल पण खराब पिशवी पेशंटला जाता कामा नये, म्हणून.

आता तुम्ही वाचलेले दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण दाते कोण आणि कुठले यावर सगळं ठरतं. ज्यांनी आधी कधी रक्त दिलेलं नाही त्यांच्यात प्रमाण जास्त निघतं, आणि दरवर्षी देणाऱ्यांत खूप कमी, कारण ज्यांना निघालं ते आधीच बाद झालेले असतात. दुसरं म्हणजे बी चा विषाणू बाळपणी शिरला तर दहातल्या नऊ बाळांत कायमचा राहतो, मोठेपणी शिरला तर शंभरातल्या ९५ जणांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. त्यामुळे आजच्या दात्यांमधला आकडा खरं तर ते जन्मले तेव्हाची परिस्थिती सांगतो आणि जिथे जन्मतःच लस द्यायला लागले तिथे तरुण दात्यांमध्ये तो खाली येतोय. जगात २०२२ मध्ये साधारण २५ कोटी ४० लाख लोकांना हा जुना, म्हणजे शरीरात कायमचा राहिलेला संसर्ग होता आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नव्हता, तेव्हा त्रास नाही म्हणून निश्चिंतही राहू नका.

आता हिशोब बघा. समजा १० हजार दाते आहेत आणि टेस्ट हजारातल्या ५ निरोगी माणसांनाही चुकून रिअॅक्टिव्ह दाखवते. संसर्ग २ टक्के असेल तर २०० खरे आणि साधारण ५० खोटे, म्हणजे रिअॅक्टिव्ह आलेल्या पाचातले चार खरे. पण संसर्ग ०.०२ टक्के असेल तर खरे फक्त २ आणि खोटे तेच ५०! टेस्ट तीच, मशीन तेच, अर्थ मात्र पार उलटा. म्हणूनच कन्फर्मेटरी टेस्ट, म्हणजे खात्री करणारी दुसरी टेस्ट झाल्याशिवाय कुणी तुम्हाला 'पॉझिटिव्ह' म्हणत असेल तर ऐकू नका.

आणि एक विचारायचं राहिलं, रक्तदानाच्या आधीच्या २-३ आठवड्यांत तुम्ही बी ची लस घेतली होती का? लसीत त्याच विषाणूचं प्रोटीन असतं, त्यामुळे थोडे दिवस टेस्ट उगाच रिअॅक्टिव्ह येऊ शकते. घेतली असेल तर पेढीत नक्की सांगा.

पेढीत भेटा, कन्फर्मेटरी टेस्ट, अँटी-एचबीसी (हा विषाणू कधी शरीरात शिरला होता का ते सांगणारी टेस्ट) आणि लिव्हरच्या टेस्ट करून घ्या. खरंच निघालं तर ६ महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तेव्हाही राहिलं तरच जुना संसर्ग म्हणतात आणि त्यावर लिव्हर सांभाळणारी औषधं आहेत, गरज प्रत्येकाला पडतेच असं नाही. बायकोला आजच सांगा. एका ताटात जेवून, मिठी मारून हा पसरत नाही, पण रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून तिची टेस्ट आणि निगेटिव्ह आली तर लस, हे तुमच्या रिपोर्टइतकंच महत्त्वाचं आहे. तोवर कंडोम वापरा, रेझर वेगळा ठेवा आणि रक्तदान थांबवा.

प्रश्न: प्रत्येक पिशवी तपासतात ना, मग रक्त घेणाऱ्याला धोका उरतोच कसा?

उत्तर: विंडो पीरियडमुळे. विषाणू शिरल्यावर साधारण महिना-सव्वा महिना नेहमीच्या टेस्टला तो सापडत नाही, नॅट टेस्टने (जी विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधते) हा काळ तीनेक आठवड्यांवर येतो पण शून्य होत नाही. म्हणून फॉर्मवरचे प्रश्न फार महत्त्वाचे असतात, आणि फुकट टेस्ट होईल म्हणून रक्तदानाला जाणारे लोक मला खरंच काळजीत टाकतात. शंका असेल तर सरळ लॅबमध्ये जा. रक्त देऊन घरी आल्यावर काही आठवलं तरी लगेच पेढीला फोन करा, पिशवी बाजूला काढता येते, कारण विचारून कुणी तुम्हाला लाजवणार नाही.