सहीशिवाय तास नाही: लायसन्सच्या वाटेवरची प्रश्नोत्तरे

गेल्या महिन्यातली निम्मी पत्रं एकाच विषयावरची आहेत. अमेरिकेत थेरपिस्ट किंवा क्लिनिकल सोशल वर्कर व्हायचं, तर मास्टर्सनंतरचे ते 'सुपरव्हिजनचे तास', म्हणजे अनुभवी लायसन्सधारकाच्या देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास, पुरे कसे करायचे? मी कॅलिफोर्नियात याच वाटेने मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्ट झाले आणि आता दुसऱ्यांच्या लॉगवर, म्हणजे तासांच्या नोंदवहीवर, सह्या करते. त्यामुळे खालचे आकडे मुख्यतः कॅलिफोर्नियाचे आहेत. लायसन्स देशाचं सरकार देत नाही, प्रत्येक राज्य आपापलं देतं. न्यूजर्सीतल्या आतेबहिणीने सांगितलेला नियम फ्रीमाँटला चालेलच असं नाही.

ताई, मे महिन्यात माझं मास्टर्स संपतंय. सगळे '३,००० तास' म्हणतात. म्हणजे ३,००० तास क्लायंट बघायचे का? आणि आठवड्याला ४० तास धरले तर दीड वर्षात होईल ना? (सनीव्हेल)

दोन्हीची उत्तरं 'नाही' अशीच आहेत.

३,००० हा एकूण आकडा. तुझ्या मॅरेज अँड फॅमिली थेरपिस्टच्या लायसन्ससाठी त्यातले किमान १,७५० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे हवेत, आणि त्या १,७५० पैकी ५०० जोडपी, कुटुंबं किंवा मुलं यांच्याबरोबरचे. राहिलेल्या जास्तीत जास्त १,२५० मध्ये नोंदी लिहिणं, सुपरव्हिजनला बसणं, कार्यशाळा वगैरे येतं. शिकत असताना प्रॅक्टिकममध्ये केलेलं कामही काही मर्यादेपर्यंत धरलं जातं, तेव्हा ते कागद कॉलेज सोडताना फेकू नकोस.

दीड वर्षाचं गणित चुकतं ते आठवड्यांमुळे. तासांशिवाय १०४ आठवड्यांची सुपरव्हिजनही दाखवावी लागते, आणि त्यातले ५२ आठवडे एकास एक किंवा दोघांना मिळून बसवलेले असावे लागतात. म्हणजे प्रॅक्टिकमचे आठवडे धरूनही एकूण दोन वर्षांच्या आत सुटका नाही. एका आठवड्यात ४० च्या वर तास मोजलेही जात नाहीत.

खरी गोम पुढे आहे. १,७५० ला १०४ ने भाग, आठवड्याला साधारण १७ तास क्लायंट येतात. एका ठिकाणी आठवड्यात १० तासांहून जास्त क्लायंट बघितले, की सुपरव्हिजनचा एक भाग पुरत नाही, दोन लागतात. एक भाग म्हणजे सुपरव्हायझरबरोबर एकट्याने किंवा दोघांनी मिळून एक तास, नाहीतर गटात दोन तास. नोकरीच्या मुलाखतीत पगार विचारतेस तसंच विचार: "मला आठवड्याला २० क्लायंट देणार, तर सुपरव्हिजनचे किती तास देणार?" समोरचा चाचरला तर काय ते समज.

आणखी एक. पदवी मिळाल्याच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत असोसिएट (म्हणजे लायसन्स मिळेपर्यंत सुपरव्हिजनखाली काम करणारा थेरपिस्ट) म्हणून नोंदणीचा अर्ज बोर्डाकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे, पोचला पाहिजे. पोचला, तर नंबर हातात यायच्या आधीचे तासही धरता येतात. अट एवढीच, की बोटांच्या ठशांची तपासणी काम सुरू करण्याआधी झालेली हवी आणि काम प्रायव्हेट प्रॅक्टिसमधलं नको. पदवीदानाचे फोटो गावाला पाठवण्याआधी हे उरकून घे.

माझी सुपरव्हायझर अचानक एजन्सी सोडून गेली. सात महिन्यांच्या लॉगवर तिची सही नाही. 'नंतर एकदम करू' असं ठरलं होतं. आता ती ईमेलला उत्तर देत नाही. (सॅक्रामेंटो)

'नंतर एकदम करू' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो. माझ्या असोसिएटच्या दिवसांत एका एजन्सीत सुपरव्हायझर दिवाळीच्या आठवड्यात सुट्टीवर गेले, बदली माणूस नेमायचं कुणालाच सुचलं नाही. मी २३ तास क्लायंट बघितले, नोंदी लिहिल्या, एका मुलाच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी भांडून आले. त्या आठवड्यातलं माझ्या खात्यात काय जमा झालं? शून्य. ज्या आठवड्याचे तास मागता, सुपरव्हिजन त्याच आठवड्यात झालेली असावी लागते. चूक त्यांची होती, पण तास माझे गेले.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या बाबतीत सुपरव्हिजन खरोखर झाली आहे, फक्त सही राहिली आहे. हा फरक मोठा आहे. पुढचे तास प्रमाणित करायचे नसतील तर सुपरव्हायझरने किमान एक आठवडा आधी लेखी कळवावं लागतं. तशी नोटीस दिली नसेल आणि सुपरव्हिजन नियमाप्रमाणे झाली असेल, तर प्रामाणिकपणे केलेल्या तासांवर सही करणं तिच्यावर बंधनकारक आहे. हे तिला नम्रपणे पण लेखी कळवा. ईमेलला उत्तर नसेल तर बोर्डाच्या संकेतस्थळावर तिच्या लायसन्सपुढे पत्ता असतो, तिथे पोचपावतीसह पत्र पाठवा. सोबत लॉग पूर्ण भरून द्या, म्हणजे तिला फक्त सही करायची राहील. कॅलेंडरमधल्या भेटींच्या नोंदी आणि एजन्सीचं वेळापत्रकही जोडा. बहुतेक वेळा माणूस दुष्ट नसतो, पसारा आवरायचा कंटाळा असतो.

इथून पुढे: सुपरव्हिजनचा लेखी करार सुरुवातीच्या ६० दिवसांत झालाच पाहिजे. लॉगवर दर आठवड्याला सही. मी माझ्या असोसिएटना सांगते, सही झाल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. आणि मूळ प्रत तुमच्या घरी, एजन्सीच्या कपाटात नाही. किराणा दुकानदार उधारीची वही गिऱ्हाइकाकडे ठेवतो का?

माझी चुलत वहिनी दहा वर्षं लायसन्स्ड आहे, स्वतःची प्रॅक्टिस आहे. तिच्याकडेच असोसिएट म्हणून राहिले तर चालेल ना? (सॅन होजे)

नाही. नातेवाईक चालत नाही, जोडीदारही नाही. पूर्वी तुम्ही जिच्याकडे स्वतः थेरपी घेतली तीसुद्धा नाही.

कायद्यात आणखी एक शब्दयोजना आहे: सुपरव्हायझरचा अधिकार किंवा परिणामकारकता ज्याने कमी होईल असं कुठलंही वैयक्तिक वा धंद्याचं नातं नको. आपली मंडळी इथे एवढी एकमेकांत गुंतलेली, की याचा विचार वहिनीच्या पलीकडेही करावा लागतो. गणेशोत्सवाच्या समितीत जिच्याबरोबर मोदकांच्या हिशोबावरून वाद झाला, तिने मंगळवारी तुमची चूक दाखवली तर तुम्ही ती मोकळ्या मनाने ऐकाल? वहिनीकडून सल्ला घ्या, फराळ घ्या. सही दुसऱ्याची घ्या. ती 'दुसरी' व्यक्ती गेल्या पाच वर्षांतली किमान दोन वर्षं लायसन्सधारक असली पाहिजे आणि तिने सुपरव्हिजनचं प्रशिक्षण घेतलेलं हवं, एवढं तपासा.

माझे दोन क्लायंट माझ्याशी मराठीतच बोलतात. सुपरव्हायझर अमेरिकन आहे, तिला एक अक्षर कळत नाही. सेशनची रेकॉर्डिंग तिला ऐकवून उपयोग नाही. शिवाय एकत्र कुटुंबाचं काही सांगितलं की ती 'सीमा आखायला शिकव' म्हणते. अशी सुपरव्हिजन काय कामाची? (फ्रीमाँट)

तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ थांबले. पंधरा वर्षांपूर्वी हेच मी चडफडत म्हणाले होते.

आधी व्यवहाराचं सांगते. रेकॉर्डिंग टाळू नका. क्लायंटची लेखी संमती घेऊन पाच मिनिटांचा तुकडा निवडा, तो शब्दशः मराठीत उतरवा आणि शेजारी इंग्रजी भाषांतर लिहा. जो शब्द भाषांतरात बसत नाही तो तसाच ठेवून त्याला गोल करा. सुपरव्हिजनचा तास त्या गोलांवर घालवा. 'जीव जळतो', 'लोक काय म्हणतील', 'मन मारून राहिले'. यात जे दडलेलं असतं तेच तुमच्या कामाचं असतं.

माझ्या गोलांपैकी एक मला जन्मभर पुरला. तपशील बदलून सांगते. साठीची एक बाई, मुलाकडे राहायला आलेली, सेशनमध्ये म्हणाली, "जीव नकोसा झालाय बघ." मी पुढे गेले. आपण उकाड्यालाही असंच म्हणतो, लोकलच्या गर्दीलाही. सुपरव्हायझरसमोर मी ते वाक्य वाचलं, शब्दशः अर्थ सांगितला आणि लगेच पुस्ती जोडली, "ही फक्त म्हणायची पद्धत आहे." ती पेन खाली ठेवून म्हणाली, "असेल. तू विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. भाषा मला येत होती म्हणूनच विचारलं नव्हतं.

तिने मला तिथूनच फोन करायला लावला. मी विचारलं, "मावशी, परवा म्हणालात जीव नकोसा झालाय. म्हणजे मरावंसं वाटतं का?" पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग त्या म्हणाल्या, "गोळ्या मोजून ठेवल्यात." त्या दुपारी काय काय केलं ते इथे लिहीत नाही, पण बाई वाचल्या. एक अक्षर मराठी न कळणाऱ्या बाईमुळे.

तेव्हा तिचं अज्ञान फुकट घालवू नका. तुम्हाला जे उघड वाटतं ते तिला समजावून सांगताना पुष्कळदा लक्षात येतं, की ते आपल्यालाही नीट माहीत नव्हतं.

'सीमा' वाल्या सल्ल्याबद्दल मात्र तुमची बाजू बरोबर आहे, आणि ती गिळून बसू नका. मुलगा दर महिन्याला आईवडिलांना पैसे पाठवतो, एवढ्यावरून त्याला आजारी ठरवता येत नाही. पण तिच्याशी तत्त्वावर वाद घालू नका, केस घेऊन जा. "त्याने पैसे थांबवले तर त्याला मोकळं वाटेल की अपराधी? मी त्याला विचारून येते" असं म्हणा. पुढच्या आठवड्यात त्याचं उत्तर टेबलावर ठेवा. एक लक्षात असू द्या, तुमच्या क्लायंटची जबाबदारी तिच्यावरही आहे, तिचं लायसन्सही पणाला लागलेलं असतं. म्हणून मतभेद कितीही असोत, जिवाला धोका किंवा मुलाशी गैरवर्तन यांची चाहूल लागली तर तिला त्याच दिवशी कळवायचं. गैरवर्तनाचा संशय आला तर फोनवर तक्रार लगेच आणि लेखी अहवाल ३६ तासांत द्यावा लागतो, त्यासाठी मंगळवारच्या तासाची वाट बघता येत नाही.

मी पुण्याहून लिहिते आहे. एमएसडब्ल्यू झालंय, रुग्णालयात चार वर्षांचा अनुभव आहे. लग्नानंतर टेक्सासला जाणार. हा अनुभव तिथे धरतील का? मैत्रिणीचं क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. आहे, तिचं काय? (पुणे)

पदवी आणि तास हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पदवीचं मूल्यमापन अमेरिकेतली सोशल वर्क शिक्षणाची परिषद करते. परदेशी पदव्यांसाठी तिची वेगळी सेवा आहे. तिथून 'समकक्ष' असा शेरा मिळाला तर पुढचं दार उघडतं. निघण्याआधी विद्यापीठातून सीलबंद गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची प्रत आणि फील्डवर्कच्या तासांचं पत्र घेऊन ठेवा. इथून पुण्याच्या कार्यालयात फोन लावून ते मिळवायला सहा महिने लागतात, हे मी बघितलंय.

तास मात्र शून्य धरूनच नियोजन करा. बोर्डांना हवं असतं ते त्यांच्या परवान्याखाली, त्यांच्या मान्यतेच्या सुपरव्हायझरबरोबर केलेलं काम. जे मिळालं ते वर.

मैत्रिणीचं जास्त कठीण आहे. तिचं एम.फिल. भारतात पुनर्वास परिषदेच्या नोंदणीसाठी मोलाचं आहे, पण अमेरिकेत 'सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला साधारणपणे डॉक्टरेट लागते.

आणि व्हिसा. विद्यार्थी म्हणून आलात तर पदवीनंतर कामाची मुभा १२ महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी वाढ समुपदेशन आणि सोशल वर्कला सहसा मिळत नाही. कॅलिफोर्नियात सुपरव्हिजनला १०४ आठवडे लागतात, व्हिसाची मुभा ५२ चीच. पहिल्या दिवसापासून हे गणित डोळ्यांपुढे ठेवा. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आलात, तर कामाचा परवाना हातात येईपर्यंत 'तोवर फुकट काम करते, तास तरी होतील' असं परस्पर ठरवू नका. बोर्ड बिनपगारी तास मान्य करेलही, पण व्हिसाचा कायदा वेगळ्या खात्याचा आहे. आधी त्या विषयाच्या वकिलाला विचारा.

मी कॅलिफोर्नियात क्लिनिकल काउन्सेलर असोसिएट आहे, १,९०० तास झालेत. नवऱ्याची बदली ऑस्टिनला. वाया जातील का? (सॅन डिएगो)

वाया जायचं कारण नाही, पण आपोआपही जात नाहीत. टेक्सासलाही एकूण ३,००० च आहेत, पण प्रत्यक्ष समुपदेशन १,५०० आणि मुदत किमान १८ महिने. तिथला सुपरव्हायझर बोर्डाने त्या कामासाठी वेगळा मान्य केलेला लागतो. राज्याराज्यांमधल्या करारांवर भिस्त ठेवू नका, ते पूर्ण लायसन्स हातात असलेल्यांसाठी आहेत. सामान बांधण्याआधी इथल्या सुपरव्हायझरकडून अनुभवाचा दाखला सही करून घ्या. कॅलिफोर्नियात परत यायचा विचार असेल तर हेही लिहून ठेवा: अर्जाच्या तारखेच्या मागच्या सहा वर्षांतलेच तास धरतात. बाळंतपण, बदली, सासऱ्यांचं आजारपण यात सहा वर्षं कशी जातात ते कळत नाही.

ताई, एका क्लायंटने एजन्सीला न देता थेट माझ्या झेलवर (बँक खात्यात पैसे पाठवायची सोय, Zelle) ६० डॉलर पाठवले. 'तुलाच मिळू देत' म्हणाली. ठेवले तर काय होईल? (मिलपिटास)

असोसिएटला क्लायंटकडून थेट पैसे घेता येत नाहीत, स्वतंत्र प्रॅक्टिसही करता येत नाही. ती प्रेमाने देते आहे हे खरं. तरीही आजच परत पाठव, पाठवल्याचा स्क्रीनशॉट ठेव, आणि सोमवारी सुपरव्हायझरला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत तूच सांग.